एकही सुरकुती नाही

नव्या वस्तूत खोट दिसली की माझा जीव भांड्यात पडतो. खोट दिसली म्हणजे निदान ती कुठे आहे ते कळलं. जिच्यात काहीच सापडत नाही, तिच्याभोवती मी दोन फेऱ्या जास्त मारते. माझी मुलगी मैथिली याला आजार म्हणते. आमचे मालक राठीशेठ मात्र याच आजाराचा मला एकोणीस वर्षं पगार देत आलेत.

मी सुवर्णा गावंडे. अकोल्याच्या एमआयडीसीत हवा भरून उभे करायचे हौद बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस आहे. पूर्वी असले हौद म्हणजे पोरांचं खेळणं. वर बदकांची चित्रं आणि दोन महिन्यांत भोक. पण उन्हाळ्यात पारा एकोणपन्नासला टेकायला लागला, कूलर पाणी भरूनही गरमच वारा फेकायला लागले आणि भर दुपारी वीज जाणं रोजचं झालं. तेव्हा डॉक्टरच सांगू लागले, म्हाताऱ्यांना बारा ते चार गळ्यापर्यंत पाण्यात बसवा. आता मार्च आला की कॉलनीकॉलनीत मांडव घालून त्याखाली चाळीस माणसांचा हौद उभा राहतो. मंडळी पाण्यात बसून पेपर वाचतात, गप्पा हाणतात, सुना-जावयांची उणीदुणी काढतात. त्याला दुपारची बैठक म्हणतात.

या हौदांची वैरीण म्हणजे सुरकुती. सुरकुतीच्या घडीत घाम आणि मळ साचतो, बुळबुळीत थर धरतो, आणि तिथपर्यंत क्लोरीन पोचत नाही. तीन वर्षांपूर्वी एका कॉलनीत अशाच थरातून तीसेक म्हाताऱ्यांच्या अंगावर गळवं उठली होती. तेव्हापासून सुरकुती दिसली की हौद नापास.

कारखान्यात येण्याआधी मी जठारपेठेत ब्लाउज शिवायची. सपाट कापडाला अंगाची गोलाई द्यायची तर टक्स घ्यावे लागतात, हे बाईमाणसाला सांगायला नको. हौदाचंही तेच. रबराचा लेप दिलेल्या दोन सपाट पट्ट्या गोल कापायच्या, कडेला तापवून सांधायच्या आणि आत हवा भरायची. पट्टीचा मधला भाग फुगून वर येतो, तशा कडा आत ओढल्या जातात. कडेचं वर्तुळ लहान होतं, पण कापड तेवढंच राहतं. उरलेलं कापड जाणार कुठे? ते घड्या घालून बसतं. मी कडेला बारीक टक्स घ्यायला लावले, घड्या निम्म्या झाल्या, आणि ब्लाउजवाली बाई तपासनीस झाली. पण निम्म्या घड्या राहिल्याच.

त्या घालवल्या मैथिलीनं. पुण्याला शिकून ती राठीशेठकडेच लागली आणि दोन वर्षांत तिनं नवं कापड उभं केलं. त्यात केसाहून बारीक असे हजारो तंतू विणलेले असतात. थोडी वीज दिली की ते आखडतात, काढून घेतली की सैल पडतात. आपल्यावर किती ताण आहे हेही तेच तंतू कळवतात. हौदाच्या पंपाशेजारी एक डबा असतो. तो मिनिटाला शंभरदा सगळ्या तंतूंची खबर घेतो आणि कुठे सुरकुती पडणार असं दिसलं, की तिथले तंतू आखडून कापड आधीच ताणून घेतो. माणूस बसला, उठला, पाणी हललं, तरी हौद गुळगुळीतच.

"पण वाईट सुरकुती कोणती, हे डब्याले कसं कळते?" मी विचारलं होतं.

"तुझ्यापासून शिकला थो," मैथिली म्हणाली.

नापास हौदाचा फोटो काढून ठेवायची आमच्याकडे पद्धत. फोटोत माझी निळ्या खडूची फुली असते. एकोणीस वर्षांचे अकरा हजार फोटो तिनं यंत्राला दाखवले. फुली पडेल असं काही होऊ द्यायचं नाही, एवढंच त्याला शिकवलं. "यंत्राले तुझी नजर दिली, आई." मला इतका अभिमान वाटला, की दोन दिवस मी सगळ्या शेजारणींना हेच सांगत होते.

मग पहिला हौद तयार झाला आणि आमच्याच कॉलनीत भरून ठेवला. पाच दिवस भरलेला ठेवायचा, सहाव्या दिवशी मी तपासून सही करायची आणि लगेच उद्घाटन, असं ठरलं. मी रोज सकाळी जाऊन चार फेऱ्या मारायची. तळवा फिरवायची, वाकून बघायची. काही म्हणजे काही नाही. मला चक्क भीती वाटायला लागली.

"सुवर्णाताई, आता काय याची पत्रिका पाहता का?" राठीशेठनं एकदा टोमणा मारला.

शेजारचे जगदेवराव वानखडेही रोज येऊन उभे राहायचे. एसटीचे जुने ड्रायव्हर, पंच्याहत्तरी ओलांडलेली, दोनदा छातीत दुखून दवाखान्यात जाऊन आलेले. "कवा बसू देता बाप्पा पाण्यात?" एवढाच त्यांचा प्रश्न. त्यांची बायको शेवंताबाई त्यांना हाताला धरून सावलीत न्यायची.

त्याच आठवड्यात मैथिलीचं वागणं बदललं. मी खोलीत गेले की ती टॅबलेट उलटा ठेवायची. राठीशेठचा फोन आला की गॅलरीत जाऊन, दार लोटून बोलायची. जेवताना भाकरी हातात धरून बसून राहायची. मी विचारलं, "काय चालू आहे तुमचं?"

"काही नाही. तू शनिवारी तपास अन् सही कर, बस."

"अन् नाही केली तं?"

"काऊन नाही करणार? एक सुरकुती दाखव मले."

"सुरकुती नाही म्हणूनच इचारून राहिली मी."

ती हसली नाही. "खरं सांगू आई? तुले काहीच सापडत नाही, याचाच तुले राग येऊन राहिला."

बोलणं लागलं, कारण ते निम्मं खरं होतं. माझ्या हाताचं काम पोरीनं एका डब्यात घातलं होतं. मी उठून भांडी घासायला घेतली. घासता घासता वाटलं, हिनं मला इतक्या लवकर गप्प का केलं?

शुक्रवारी सकाळी ती आंघोळीला गेली आणि टॅबलेट ओट्यावर राहिला. राठीशेठचा "बरं" एवढाच निरोप येऊन पडदा उजळला. मुलीचं असं काही वाचू नये हे मला कळतं. तरी मी वाचलं. वर तिनं लिहिलं होतं, "काही जागी तंतूंची ओढ रोज वाढते आहे. कारण सापडत नाही." राठीशेठचं उत्तर, "उद्घाटन आता पुढे जाणार नाही. पाहुण्यांना सांगून झालं." आणि त्याखाली पुन्हा मैथिली, "ठीक. आईनं सही केली की प्रश्न संपला."

मी टॅबलेट होता तसा ठेवला. पोहे केले, तिला वाढले, तिच्या समोर बसून खाल्ले. एक अक्षर विचारलं नाही. चोरून वाचलेलं विचारणार कोणत्या तोंडानं? पण मनात मी निकाल लावून टाकला होता. पोटची पोर मला पुढे करून आपली चूक झाकते आहे, असं मी धरून चालले.

शनिवारी दहा वाजताच ऊन डोक्यावर आलं होतं. मांडवाबाहेर चाळीस माणसं टॉवेल घेऊन रांगेत उभी होती. सगळ्यात पुढे जगदेवराव, बनियन आणि लेंग्यावर.

"बाई, आज तरी बसू द्यान ना? राती अंगाची लाही लाही झाली."

"बसा की. मी एकदा पाहून घेतो," मी म्हटलं.

मैथिली पंपाशी उभी होती. राठीशेठच्या हातात कागद आणि पेन तयार होतं. मी हौदाभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली. कापड नव्या ताटासारखं लख्ख. डोळ्यांना काही दिसेना, तळव्याला काही लागेना. तेव्हा मी डोळे मिटले आणि बोटाच्या पेरानं ठोकत निघाले. ढब, ढब, ढब, आणि मग एकदम टण. पुढे पुन्हा ढब. दहा पावलांवर पुन्हा टण. तेवढ्याच जागी कापड ढोलकीच्या पुडीइतकं ताणलेलं होतं. अशा अकरा जागा निघाल्या.

पहिल्या जागेवर मी अंगठा टेकला आणि नकळत हात वर पसरला. करंगळी बरोबर सांध्यावर गेली. दुसऱ्या जागी तसंच. तिसऱ्या जागीही.

आमच्या कारखान्यात खडू सांध्यावर लावत नाहीत. खडूची भुकटी सांध्यात गेली तर तो पुन्हा तापवला तरी धरत नाही. सांधा सरकायला लागला, की त्याच्या खालच्या कापडातला ताण ढिला पडतो आणि तिथे पंख्यासारख्या सुरकुत्या उमटतात. मी त्या सुरकुत्यांवर फुली मारायची. सांधे जोडणारे रफीकभाई फुलीवर अंगठा ठेवून वीतभर वर मोजायचे आणि तिथला सांधा उघडून नीट करायचे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहिण्यासारखं त्यात काय आहे, असंच सगळ्यांना वाटायचं. मग रफीकभाई निवृत्त झाले, त्यांच्या जागी सांधायचं यंत्र आलं, आणि वीत मोजणारं कुणी उरलं नाही.

म्हणजे अकरा हजार फोटोंमध्ये माझी फुली खोटीपासून एक वीत खाली होती. डब्यातल्या यंत्रानं फुलीलाच खोट धरलं. सांधा सुटायला लागला की फुलीच्या जागी सुरकुती येणार, ती येऊ नये म्हणून ते तिथलं कापड आवळत होतं. आवळलं की सुटणारा सांधा खालून आणखी ओढला जात होता. आणि वरून सगळं गुळगुळीत.

मी मैथिलीचा दंड धरून तिला मांडवामागे नेलं. "ओढ वाढून राहिली हे तुले माहीत होतं."

तिचा चेहरा उतरला. "माझा टॅबलेट पाह्यला तू?"

"पाह्यला. मले फसवून सही घेत होती तू."

"फसवून?" ती तिथल्या उलट्या बादलीवर बसली. "आई, मले कारण सापडत नव्हतं. दहादा गणित केलं. मंग म्हटलं, मीच चुकत असन. तुझ्या हाताले काही लागलं नाही, तं काहीच नसन. तुझ्या भरोशावर होती मी."

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. कारण मीही हाच विचार करून पाच दिवस काढले होते. मला काही दिसत नाही, पण पोरीनं मोजलं असेलच. मी तिच्यासमोर हात पसरून वीत दाखवली आणि फुलीची गोष्ट सांगितली. तिला अर्ध्यातच कळलं.

"थो हौदाकडे पाहतच नव्हता," ती हळू म्हणाली. "थो तुझ्याकडे पाहून राहिला होता. तू नापास करू नये, एवढंच शिकवलं मी त्याले."

"तंतू बंद कर."

राठीशेठ मागे येऊन उभेच होते. "बंद केले तर सुरकुती न पडण्याची आपली हमीच रद्द होईल. आणि बाहेर लोक उभे आहेत, ताई. ऊन तरी बघा."

मैथिलीनं त्यांच्याकडे न बघता डब्याचं झाकण उघडलं आणि खटका ओढला. अर्ध्या मिनिटात हौदाच्या अंगावर अकरा पंखे उमटले. एका पंख्याच्या वर सांध्याची कड नखभर सुटून पांढरी पडली होती. रांगेतल्या लोकांनाही ती दिसली.

मी म्हणाले, कुणी पाण्यात उतरायचं नाही.

"निदान आजचा दिवस?" राठीशेठनं विचारलं. "दोन-चार दिवस तर काढेल ना?"

मी नाही म्हणाले. मला पक्कं वाटत होतं, की तासाभरात हा फुटणार. भरलेला हौद फुटला तर पाणी म्हाताऱ्या माणसांना उचलून भिंतीवर आपटतं, हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. लोक कुरकुरले. जगदेवरावांनी मात्र टॉवेल खांद्यावर टाकला. "बाई नाही म्हणते तं नाही. तिले समजते त्यातलं," असं म्हणत ते उन्हातून घराकडे निघाले.

सोमवारी दुपारी तीन वाजता, वीज गेलेली असताना, ते खाटेवरून उठले आणि कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत संपले होते. डॉक्टरांनी उष्माघात सांगितलं. मी त्यांच्या अंगणात सगळ्यांत मागे उभी राहिले. आत गेले नाही, शेवंताबाईंसमोर जाण्याची हिंमत झाली नाही.

तो हौद आम्ही कारखान्याच्या आवारात नेला. पुन्हा भरला, तंतू चालू केले, आणि माणसांच्या वजनाच्या चाळीस पिशव्या रोज दुपारी बारा ते चार आत सोडल्या. मी रोज जाऊन दुरून बघायची. खरं सांगते, तो लवकर फुटावा असं मला वाटत होतं. पहिल्याच दिवशी फुटावा. दुसऱ्या दिवशी तरी. तो फुटला दहाव्या दिवशी, दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी. पाण्यानं आवारातली हातगाडी उचलून भिंतीवर घातली आणि तिचे दोन्ही दांडे मोडले.

"वाचलो, ताई," राठीशेठ म्हणाले. त्यांनी मला हात जोडले.

घरी येताना स्कूटर मैथिली चालवत होती. नेकलेस रोडच्या सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, "दहा दिवस टिकला थो, आई. सोमवारी टिकलाच असता."

"हो," मी म्हणाले.

दहाव्या दिवशी कुणाला कळलंही नसतं आणि आत माणसं असती, हे मला समजतं. राठीशेठनं समजावलं, मैथिलीनं समजावलं, मी स्वतःला समजावलं. पण शेवंताबाईंच्या दारावरून जाताना त्यातलं एक वाक्यही तोंडातून निघत नाही. माझा संशय खरा होता. फक्त तो तासाभरात फुटणार ही माझी खात्री खोटी होती, आणि त्या खात्रीवर एक माणूस उन्हातून घरी गेला.

नवा हौद उभा करायला तीन आठवडे लागले. मैथिली आणि मी रोज संध्याकाळी बसून जुने फोटो पुन्हा पाहिले. रफीकभाईंना घरून बोलावून आणलं. ते प्रत्येक फोटोत वीतभर वर बोट ठेवायचे आणि मैथिली तिथे खूण करायची. तिनं तंतूंचं काम बदललं. ते आता ताण मोजतात आणि सांगतात, आवळत नाहीत. त्यामुळे हौदाच्या कडेला बारीक सुरकुत्या राहतात आणि रोज चार वाजता दोन माणसं ब्रश घेऊन त्या घासतात. राठीशेठना हे आवडलेलं नाही, कारण जाहिरातीत दाखवायला गुळगुळीतच बरं दिसतं.

दुसऱ्या उद्घाटनाला पाहुणे नव्हते. रांग तेवढीच होती. मी तपासलं, सही केली, बाजूला झाले. कुणी पुढे येईना. सगळे माझ्याकडे बघत होते. शेवंताबाई सगळ्यात पुढे होत्या. सून त्यांना धरून घेऊन आली होती.

"सुवर्णाबाई, जाऊ का पाण्यात?"

"मले नका इचारू, मावशी," मी म्हणाले. "मी कोण सांगणारी?"

"त्या दिवशी तं तुम्हीच सांगतलं होतं."

त्या रागानं बोलल्या नाहीत. रागानं बोलल्या असत्या तर सोसायला सोपं गेलं असतं. मी चपला काढल्या आणि नेसत्या साडीनिशी पायऱ्या चढून हौदात उतरले. पाणी छातीला लागलं. माझ्यामागे मैथिलीही उतरली, अंगावर कारखान्याचे कपडे होते तशीच. मी शेवंताबाईंना हात दिला.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, पण धरला नाही. कठडा पकडून, एकेक पाय टाकत त्या आपल्याआपण उतरल्या आणि पाण्यातून चालत पलीकडच्या कोपऱ्यात, मांडवाची सावली सगळ्यात दाट होती तिथे, बसल्या. बाकीची माणसं हळूहळू आत आली. कुणीतरी पेपर उघडला. पाणी गार होतं आणि मला रडू येत होतं.

बऱ्याच वेळानं शेवंताबाईंनी माझ्याकडे तोंड वळवलं आणि शेजारच्या रिकाम्या जागेवरच्या पाण्यावर हात ठेवला.

"ते अठी बसले असते," त्या म्हणाल्या.

"हो, मावशी," मी म्हटलं. "बसले असते."